चौथी वाटी

“कशाचा वास येते, बाबा?”

संघदीपने विचारलं, आणि माणिकरावांनी वाटीकडे नेलेला हात मागे घेतला. वाशीमच्या लाखाळ्यातलं घर, फेब्रुवारीतली सकाळ, ऊन बैठकीत पायपुसण्यापर्यंत आलेलं. टीपॉयवर स्टीलच्या चार वाट्या, चारांतही काळसर पाणी आणि वर भिजलेल्या पुडीची साय. तीन माणसं त्यांच्या तोंडाकडे नव्हे, नाकाकडे बघत होती. मुलगा खुर्चीच्या कडेवर, गुडघे जोडून. सून सरिता मागच्या दारात, एक पाय घरात आणि एक अंगणात, कारण अंगणात तिचा सोबत आणलेला कॉफी भाजायचा ड्रम तापत होता. आणि लिलाबाई स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून पदराला हात पुसत होत्या. हात केव्हाच कोरडे झाले होते, तरी पुसणं चालू होतं. हे माणिकरावांनी टिपलं, पण त्याचा हिशेब नंतर करू म्हणून बाजूला ठेवलं, आणि तिथेच ते चुकले.

“निवू दे जरा,” ते म्हणाले. “गरम मालाचा वास खोटा असते.”

हे वाक्य त्यांनी त्याच क्षणी तयार केलं होतं, पण आवाज ग्रेडरचा होता म्हणून ते खपलं. संघदीपने मान डोलावली. “सरिता बी हेच म्हणते. निवताना खरी कळते.” आपण ठोकलेली थाप खरी निघाल्याचा माणिकरावांना थोडा राग आला. थाप ही आपली स्वतःची वस्तू असते. तिला दुसऱ्याने आधार दिला की ती हातची जाते.

बाजार समितीत ते ग्रेडर होते. मालेगावला, कारंज्याला आणि शेवटी वाशीमला. पोत्यात हात घालायचा, मूठभर सोयाबीन काढायचं, ओंजळ करून नाक त्यात बुडवायचं आणि सांगायचं: हे ताडपत्रीखाली भिजलेलं आहे, हे वाळवताना रस्त्यावर टाकलं होतं, डांबराचा वास आहे. मग ओंजळ झटकून प्रत सांगायची: पहिली, दुसरी, तिसरी. धनजचा एक शेतकरी एकदा भांडायला आला होता. माणिकरावांनी त्याला सांगितलं की तुझ्या तुरीशेजारी कोठीत कांदे होते, आणि तो गृहस्थ भांडण विसरून पुढची चार वर्षं ओळखीच्या लोकांना त्यांचं नाक दाखवायला घेऊन यायचा. नाकवाले साहेब. लोक आधी जयभीम करत आणि मग पोतं उघडत. दोन्ही बाजू त्यांचं ऐकत, कारण त्यांच्या नाकाला कोणाची ओळख नव्हती. कोणाकडे जमीन असते, कोणाकडे भाऊबंद असतात, कोणाकडे आवाज असतो. माणिकरावांकडे हे होतं, आणि निवृत्तीच्या सत्कारात शालीबरोबर ते कोणी परत मागितलं नाही याचं त्यांना मनातून बरं वाटलं होतं. मग करोनाच्या दुसऱ्या फेरीत ताप आला. ताप गेला, खोकला गेला, अंगदुखी गेली. जाताना तिघं वासालाही घेऊन गेली. सकाळी अंघोळीला साबण हातात घेतला आणि तो दगड झालेला होता. त्यांनी दुसरा साबण काढला. तोही दगड.

येईल आठवड्याने, महिन्याने, असं करता करता सांगायचं राहून गेलं. पहिल्या दिवशी न सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी दुप्पट जड होते आणि वर्षाने तिला उचलायला माणसं लागतात. मग त्यांनी कारभार बसवला. जेवताना आधी विचारायचं, “काय केलं आज?” आणि उत्तराप्रमाणे दाद द्यायची. मेथी म्हटलं की “कडू नाई लागत बरं का, धुतली चांगली.” जिभेला खारट, आंबट, कडू, गोड कळत होतं. एवढ्या चार नोकरांवर त्यांनी सगळा जुना वाडा चालवल्याचा देखावा ठेवला. लिलाबाई दाद ऐकून “व्हय का” म्हणायच्या आणि भाकरी वाढायच्या. आपली बायको साधी आहे, ही समजूत माणिकरावांनी बत्तीस वर्षं जपली होती. तिच्यावर त्यांचं बरंच काही उभं होतं.

“कोन्ती आधी घेता?” संघदीपने चमचा पुढे केला. त्याचे हात कामाचे झाले होते. नखांच्या कडेला तपकिरी रेघ, अंगठ्याला चीर. हे हात जिल्हा परिषदेत फायली बांधत होते तेव्हा गुळगुळीत होते. मग त्याने सरिताशी लग्न केलं आणि पक्की नोकरी सोडून तिच्या माहेरी गेला, वर, चिखलदऱ्याला. सरिताचे वडील राजपाल यांची तिथे दोन उतारांवर कॉफी. त्यांच्या वडिलांनी जुन्या गोऱ्या साहेबाच्या मळ्यातली रोपं आणून सिल्व्हर ओकच्या सावलीत लावली, आणि तेव्हापासून ते घर पिकली-हिरवी सगळी फळं एकदम ओरबाडून, अंगणात वाळवून, व्यापारी म्हणेल त्या भावाला देत आलं. सरिता म्हणाली, एकेक लाल फळच तोडायचं. संघदीप म्हणाला, आपणच सोलायची, आपणच भाजायची. घरातली पाच माणसं उताराला लागली. इकडे लाखाळ्यात लोकांनी एवढंच ध्यानात घेतलं की माणिकरावचा पोरगा घरजावई झाला. शेजारचे जगदेव तर भेटले की विचारायचे, “काय म्हणते डोंगर?” जणू व्याह्याचं नाव डोंगर.

आणि आता प्रश्न असा होता. नागपूरची एक बाई होती, तिची कॉफीची दोन दुकानं होती. मागच्या साली तिने नमुना परत केला होता: धुरकट. यंदा ती म्हणाली होती, एकच नमुना पाठवा, आवडला तर सगळं पीक उचलते, नाही तर पुन्हा फोन नको. नमुना संध्याकाळच्या गाडीने जायचा होता. पसंत पडला तर घराचा रस्ता बदलला. नाही तर राजपाल पुन्हा व्यापाऱ्याला फोन लावणार होते आणि संघदीप खाली येऊन अर्ज लिहिणार होता, तसं त्याने सासऱ्यांना स्वतःहून सांगून ठेवलं होतं. पण कोणती भाजणी पाठवायची यावर नवरा-बायकोचं जुळत नव्हतं. सरिता म्हणे हलकी. संघदीप म्हणे गडद. डोंगरावर भांडून झालं, परतवाड्यापर्यंत भांडून झालं, अकोल्याच्या स्टँडवर दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसली, आणि मूर्तिजापूरच्या माणसाने सीट मागितली म्हणून पुन्हा शेजारी आली तेव्हा एकदम एकच गोष्ट सुचली. बाबांचं नाक.

माणिकरावांनी चमच्याने पहिल्या वाटीची साय बाजूला सारली. वाफ चष्म्यावर आली. त्यांनी नाक खाली नेलं, डोळे मिटले, आणि श्वास आत ओढला. ऊन हवा आत गेली, कोमट हवा बाहेर आली. आत एक मोठी, झाडलोट केलेली, रिकामी खोली होती. अशा खोलीत ते एकदा उभे राहिले होते, तेही उघड्यावर. तापानंतरच्या पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला ते पहिल्यांदा आणि शेवटचे वर गेले होते. आदल्या दिवशी एक सर पडून गेली होती आणि सकाळी उतार पांढरा झाला होता. कॉफीची फुलं, फांदीला कापसाचे पेळू गुंडाळावेत तशी. गाडीतून उतरल्याबरोबर लिलाबाई थांबल्या आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला. “अगं माय,” त्या म्हणाल्या, “मोगरा.” राजपाल हसले. सरिताची आई म्हणाली, दोन-तीन दिवसच असते, तुमी नशिबाचे. सगळे उभे राहून श्वास घेत होते, नुसता श्वास घेत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यांवर काहीतरी येऊन बसत होतं. माणिकराव मधोमध उभे होते. संघदीपने त्यांच्याकडे बघितलं. “काय बाबा?” तेव्हा ते म्हणाले, “ठीक आहे.” त्या पोराने नोकरी देऊन, गाव देऊन, लोकांची बोलणी घेऊन त्या उताराचा सौदा केला होता, आणि बापाने पावती दिली: ठीक आहे. त्यानंतर त्यांना गुडघे आठवले, घाट आठवला, थंडी सोसत नाही हे आठवलं. वर जाणं झालं नाही. बापाला हे पटलेलं नाही, असं पोराने समजून घेतलं आणि तो फोनवर पाऊसपाण्याचं बोलू लागला. वास गेल्याच्या कबुलीऐवजी नापसंती. त्यातल्या त्यात स्वस्त पडलं, असं माणिकरावांनी स्वतःला सांगितलं होतं. पण हे असं स्वस्त, की रोज थोडं थोडं द्यावं लागायचं.

“ही आंबट आहे,” त्यांनी पहिलीचा घोट सुर्रकन ओढून सांगितलं. सरिताचा चेहरा खुलला. आंबट म्हणजे चांगलं असावं. दुसरी कमी आंबट, थोडी कडू. तिसरी कडू. संघदीप पुढे सरकला. जीभ इमानदारीने काम करत होती, पण तिला चारच शब्द येत होते. अंगणात ड्रम फिरायला लागला होता. सरिताने नवा घाणा टाकला होता आणि दांडा हाताने फिरवत ती दारातून इकडे बघत होती. दाण्यांचा आवाज आधी ओला, जड, चिखलात चालल्यासारखा होता. मग हलका. मग सळसळ. माणिकरावांना आवाजाकडे लक्ष द्यायचं नव्हतं, पण कान आपणहून तिकडे गेला, जसा जुन्या गल्लीकडे पाय जातो. शिरपूर जैनला, मंदिराच्या वाटेवर, फुटाण्याची भट्टी होती आणि भट्टीवर त्यांची आई, गोमतीबाई. कढईत तापलेली वाळू, वाळूत हरभरा, आणि धुराने डोळे लाल. गोमतीबाईच्या हातचे फुटाणे यात्रेकरू गाठोडी भरून नेत. मात्र विकायला पुढे मालक स्वतः बसायचा. हात मागे चालत, पुढे चालत नसत. हा जमाखर्च माणिकरावांनी सातव्या वर्षीच मांडून ठेवला होता आणि पुढे आयुष्यभर प्रत्येक पोत्यात नाक घालताना तो थोडाथोडा वसूल केला होता. धुरात डोळे उघडत नसत. आई म्हणायची, “डोळ्यानं नको पाहू. कानानं पाह्य.” हरभरा आधी तडतडतो, मग श्वास घेतल्यासारखा गप्प होतो, मग बारीक चरचरतो. त्या गप्पपणात उतरवायचा. आणि संध्याकाळी माणिकला कुशीत घेऊन ती शेजारणींना सांगायची, याला फुटाण्याचा वास झोपेतबी समजते, उठून बसते.

“चौथी राह्यली,” लिलाबाई म्हणाल्या.

संघदीपने आईकडे बघितलं. काहीतरी बोलणार होता. “तू गप ऱ्हाय,” त्या म्हणाल्या, “त्यांले सांगू दे.”

माणिकरावांनी चौथी उचलली. आंबट नाही, कडू थोडी, मागे गोडसर. घशाखाली ती निमूट गेली, कसलाच वाद न घालता. तीनही माणसं श्वास धरून होती, आणि एवढ्या माणसांनी श्वास धरला की कोणाला तरी काहीतरी मोठं बोलावंच लागतं. सरिताची हलकी सांगितली तर पोरगा पडेल. पोराची गडद सांगितली तर सून. चौथी कोणाची ते माहीत नव्हतं, म्हणून ती सगळ्यांत निःपक्षपाती वाटली. त्यांनी वाटी पुन्हा नाकाशी नेली, डोळे मिटले आणि त्या पांढऱ्या उताराकडे जाऊन तिथून एक शब्द उचलून आणला.

“ही,” ते म्हणाले. “हीच पाठवा. मोगरा आहे हिच्यात.”

अंगणात दांडा फिरायचा थांबला. मग घाईने पुन्हा फिरला. संघदीप खाली बघत होता. लिलाबाई चौकटीपासून सुटल्या, सावकाश आल्या, चौथी वाटी उचलून त्यांनी स्वतः हुंगली आणि टीपॉयवर परत ठेवली.

“फुटाणे हायेत ते,” त्या म्हणाल्या. “सकाळी तव्यावर काळे केले, कुटले आन उकळले. तुमच्या आईनं लग्नात पहिलं हेच सांगितलं होतं मले, माहा माणिक फुटाण्याच्या वासानं झोपेतून उठते म्हणून.”

ऊन पायपुसणं ओलांडून टीपॉयच्या पायाला लागलं होतं. माणिकरावांच्या मनात पहिलं आलं ते असं की बाई फसवणूक करते. दुसरं असं की बाई हुशार आहे. आणि मग एवढी वर्षं जपलेली ती समजूत, बायको साधी असल्याची, पोतं शिवणीवर फाटावं तशी उसवली आणि आतलं सगळं घरभर सांडलं.

“कधीपासून माहीत आहे तुले?”

“तापाच्या दुसऱ्या आठवड्यात वरण उतरलं होतं, वास मारत होतं. तुमी दोनदा घेतलं. म्हणाले, हिंग मस्त बसला.”

“आन तू खाऊ देलं?”

“पहिल्यांदा नाई समजलं. दुसऱ्यांदा पाह्यत होती.” त्या खाली बसल्या. “तवापासून वाट पाहून राह्यली ना मी. आज सांगतीन, उद्या सांगतीन. मंग म्हटलं, असू द्या, माणसाले मजा येऊन राह्यली. लसणाची चटणी मी दोन वर्षं झाले बिनलसणाची करते. तुमी म्हणता, लसूण झनझनीत.”

“दोन वर्षं?”

“मले लसूण सोलायचा कंटाळा.”

सरिताने दारातच तोंडावर ओढणी घेतली. संघदीप अजून खाली बघत होता, पण त्याचे खांदे हलत होते, आणि माणिकरावांना वाटलं पोरगा रडतो. मग त्याने मान वर केली.

“म्हणजे त्या दिवशी,” तो म्हणाला, “फुलं होती तवा, तुमाले काहीच...”

“काहीच नाई.”

“म्हणून ठीक आहे म्हणले तुमी?”

“मंग काय म्हणू? ठीकच होतं. दिसायले चांगलंच होतं.”

“मी चार साल समजून राह्यलो का तुमाले घरजावयाची लाज वाटते.”

“ते जगदेवले वाटते,” माणिकराव म्हणाले. “मले कायले वाटन? मले माह्या नाकाची वाटे.”

आणि मग संघदीप हसला, खुर्चीच्या पाठीला टेकून, लहानपणी हसायचा तसा, आवाज न करता आधी आणि मग सगळा एकदम. माणिकरावांना ते हसू ओळखीचं लागलं. फोनमध्ये इतक्या दिवसांत ते आलं नव्हतं. “मोगरा,” तो म्हणत होता, “फुटाण्यात मोगरा,” आणि लिलाबाई त्याच्या गुडघ्यावर चापट मारत होत्या, पण त्याही हसत होत्या, आणि माणिकरावांच्या आत त्या झाडलोट केलेल्या खोलीत इतक्या वर्षांनी कोणीतरी चपला घालून, न विचारता, घोळक्याने शिरलं होतं.

त्या गोंधळातही कानाने आपलं काम सोडलं नव्हतं. अंगणातली सळसळ सुटी झाली होती, आणि तिच्यातून एक तड. मग दोन. मग तडतडतड, ओळखीची, लग्नघरी माणसं येऊ लागावीत तशी. माणिकराव उठले. चप्पल न घालता अंगणात गेले. सरिता दांडा फिरवत ड्रमच्या छोट्या काचेत वाकून रंग बघत होती आणि डोळ्यांत धूर जात होता. “पोरी,” ते म्हणाले, “तिथं नको पाहू.”

“मंग कुठं पाहू, मामाजी? दोन हातानं फिरवू का कान देऊ? वर तर वाऱ्यात काई ऐकूच नाई येत. मी म्हणतो झालं, हे म्हणते अजून.”

“तू फिरव.”

ते ड्रमकडे पाठ करून उभे राहिले. संघदीप दारात आला आणि बोलू लागला तशी लिलाबाईंनी त्याच्या दंडाला धरलं. तडतड दाटली, विरळ झाली, एकटा दाणा कुठेतरी मागे राहिल्यासारखा तडकला. मग गप्प. तो गप्पपणा माणिकरावांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. तो तसाच होता, तेवढाच लांब, त्यात वाळूचा, धुराचा आणि बांगड्यांचा आवाज बसेल एवढी जागा. पुढची बारीक चरचर अजून सुरू व्हायची होती.

“उतरव,” ते म्हणाले.

सरिताने झडप उघडली. दाणे सुपात कोसळले आणि दोघी-तिघांनी मिळून ते पाखडत थंड केले. रंग ना सरिताच्या वाटीसारखा होता ना संघदीपच्या. दोघं नवरा-बायको सुपावर वाकली, एकमेकांकडे बघितलं आणि भांडायला काही मिळेना म्हणून थोडी ओशाळली. “धूर नाई धरला यानं,” सरिता म्हणाली. मग, “अजून एक घाणा करू, मामाजी, तसाच येते का पाहू.” केला. तसाच आला. पाकीट बांधलं तेव्हा संघदीपने त्यावर नागपूरचा पत्ता लिहिला, आणि लिहिताना न बघता विचारलं, “बाई नाईच म्हणाली तर?”

“तर अर्ज लिहायला मी मदत करतो,” माणिकराव म्हणाले. “पण पुढचा घाणाबी मीच उतरवीन. फुलं कधी येतात यंदा?”

संघदीपचा पेन थांबला. “एक सर पडली का आठ-दहा दिवसांत.”

“फोन कर. पाऊसपाण्याचं नको सांगू नुसतं, फुलाचं सांग.”

“तुमाले वास...”

“तुह्या आईले घेऊन येतो ना सोबत.”

लिलाबाईंनी नव्या दाण्याची एक वाटी करून आणली. एकच. त्या समोर बसल्या, आणि माणिकरावांनी वाटी आपल्याकडे ओढायच्या ऐवजी त्यांच्याकडे सरकवली. असं या घरात आधी कधी झालं नव्हतं. पोतं असो की पातेलं, पहिलं नाक त्यांचं. लिलाबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं, पदर खांद्यावर नीट केला आणि दोन्ही हातांनी वाटी उचलली.

“कशाचा वास येते, अवं?”

“थांबा. निवू द्या,” त्या म्हणाल्या. “गरम मालाचा वास खोटा असते म्हणे.”

संघदीप पुन्हा हसायला लागला. लिलाबाईंनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं आणि वेळ घेतला. खूप वेळ घेतला. डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. बाजार समितीत एवढा वेळ घेणाऱ्या ग्रेडरला लोकांनी उठवलं असतं. माणिकराव त्यांच्या चेहऱ्यावर काय येऊन बसतं ते बघत राहिले.

“भट्टीच्या मागं कवठाचं झाड होतं,” त्या म्हणाल्या. “मी नवी नवरी आली तवा आत्याबाईनं, तुमच्या आईनं, एक पिकलं कवठ दगडावर फोडलं, आन त्यात गूळ कालवून मले देलं. भट्टी पेटलीच होती मागं. तसा. कवठ, गूळ, आन लांबून भट्टी.”

माणिकराव पुढे झुकले. त्यांनी वाटीवर नाक नेलं, श्वास आत घेतला, धरून ठेवला आणि सोडला. मग मागे टेकून, ओंजळ झटकतात तसे हात झटकून ते म्हणाले,

“बरोबर आहे. पहिली प्रत.”